थायमसमधले एन्झाइम घटले, की ते बाळगणाऱ्या पेशीच गेल्या?

उंदराला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड टोचायचे, दोन दिवसांनी थायमस काढून त्यातले एखादे एन्झाइम मोजायचे आणि आकडा निम्म्यावर आलेला दिसला की लिहायचे, "औषधामुळे या एन्झाइमची अभिव्यक्ती घटली," म्हणजे पेशीने ते कमी बनवले. वडोदऱ्यात बायोकेमिस्ट्री, झूलॉजी किंवा फार्मसीचा प्रबंध लिहिणाऱ्याच्या हातून हे वाक्य सहज उतरते. ते खरेही असू शकते. पण थायमसच्या बाबतीत ते बऱ्याचदा चुकते, कारण आकडा घटायला तीन कारणे असू शकतात. ते एन्झाइम बाळगणाऱ्या पेशीच मेल्या असतील. पेशी जिवंत असतील, पण प्रत्येकीने ते कमी बनवले असेल. किंवा ते पूर्वीइतकेच बनले असेल, पण औषधाने त्याचे काम बंद पाडले असेल. या तिन्हींतला फरक कसा ओळखायचा, ते पुढे सांगितले आहे.

थायमस छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या जरा वर असतो. लहान बाळात तो चांगला मोठा असतो आणि वय वाढेल तसा आक्रसून त्याची जागा चरबी घेते. जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये नवजात उंदरांचा थायमस काढून पाहिला, तेव्हा त्या उंदरांत लिम्फोसाइट, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी पडल्या आणि परक्या उंदराची कातडी लावली तरी त्यांचे शरीर ती नाकारेना. तोपर्यंत या ग्रंथीला फारसे काम नाही असेच समजले जात होते. लिम्फोसाइटचाच एक प्रकार असलेल्या टी पेशी इथे तयार होतात हे त्यानंतर पक्के झाले.

ग्रंथीचे दोन भाग महत्त्वाचे: बाहेरचा कॉर्टेक्स आणि आतला मेड्युला. हाडांतल्या मज्जेतून आलेल्या कच्च्या पेशीवर आधी सीडी४ आणि सीडी८ या पृष्ठभागावरच्या प्रथिनांपैकी एकही खूण नसते. मग दोन्ही खुणा येतात, आणि शेवटी एकच उरते. दोन्ही खुणा असलेल्या, म्हणजे दुहेरी पेशी कॉर्टेक्समध्ये असतात आणि तरुण उंदराच्या थायमसमध्ये त्यांचाच भरणा सुमारे ८० टक्के असतो. एकच खूण उरलेल्या पक्क्या पेशी मेड्युलात असतात. इथे जन्मणाऱ्या पेशींपैकी बहुसंख्य इथेच मरतात. ग्रंथीबाहेर पडतात त्या जेमतेम काही टक्के. औषध दिलेले नसतानाही थायमसमध्ये मरण सतत चालू असते, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडेल.

आता एन्झाइम. प्रत्येक टप्प्यावरच्या पेशीत त्यांचे प्रमाण वेगळे असते. टर्मिनल डीऑक्सीन्यूक्लिओटिडिल ट्रान्स्फरेज, म्हणजे टीडीटी, हे कच्च्या आणि दुहेरी पेशींच्या केंद्रकात असते. टी पेशीचा रिसेप्टर घडताना डीएनएचे तुकडे जोडले जातात, त्या सांध्यांवर टीडीटी कोणत्याही साच्याविना नवी अक्षरे घालते. रिसेप्टरांत एवढे वैविध्य येते त्याचा मोठा वाटा तिथला आहे. पेशी पक्की झाली की टीडीटी नाहीसे होते. ॲडेनोसिन डीअमिनेज, म्हणजे एडीए, कॉर्टेक्सच्या पेशींत भरपूर असते. मरणाऱ्या पेशींच्या डीएनएतून डीऑक्सीॲडेनोसिन सुटत राहते. ते साफ झाले नाही तर पेशीत डीऑक्सीएटीपी साठते आणि नवा डीएनए बनवण्यासाठी लागणारे रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज अडकते. जिथे एवढ्या पेशी मरतात तिथे एडीए एवढे का, याचे उत्तर यात आहे. एडीए नसलेली मुले गंभीर प्रतिकारहीनता घेऊन जन्मतात, हे १९७२ मध्ये कळले. प्युरीन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज, म्हणजे पीएनपी, याचा कल उलटा: दुहेरी पेशींत कमी, पक्क्या पेशींत जास्त. त्याची उणीव १९७५ मध्ये सापडली, आणि तिच्यात मुख्य फटका टी पेशींना बसतो.

स्टेरॉइडचा मार सर्वात आधी दुहेरी पेशींवर पडतो. त्यांच्यात जीव वाचवणारे बीसीएल-२ हे प्रथिन फार कमी असते, म्हणून त्या नाजूक. पक्क्या पेशींत ते जास्त, म्हणून त्या टिकतात. डेक्सामेथासोन पेशीत शिरून ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरला चिकटते, रिसेप्टर केंद्रकात जातो, बिम आणि प्युमा यांसारखी मारक प्रथिने बनू लागतात, मग पेशीला आतून कापणारी कास्पेज ९ आणि ३ ही एन्झाइमे जागी होतात. डीएनए साधारण १८० ते २०० अक्षरांच्या पटीत तुटतो आणि जेलवर शिडी दिसते. या मरणासाठी पेशीला नवी प्रथिने बनवावी लागतात. सायक्लोहेक्सिमाइड देऊन ते थांबवले तर मरणही थांबते. म्हणजे मरण्यापूर्वीच्या काही तासांत या पेशींत जनुकांची खरोखरच उलथापालथ होते. दोन दिवसांनी मात्र त्यातल्या बहुतेक पेशी मोजायलाच उरत नाहीत.

हे आकड्यांत पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. थायमसमध्ये १० कोटी पेशी. त्यांतल्या ८ कोटी दुहेरी, २ कोटी बाकीच्या. एक एन्झाइम असे, की दुहेरी पेशीत १० एकक आणि बाकीच्यांत २. एकूण झाले ८४ कोटी एकक, सरासरी पेशीमागे ८.४. आता औषधानंतर दुहेरी ८० लाख उरल्या, बाकीच्या १ कोटी ६० लाख. जिवंत राहिलेल्या एकाही पेशीने आपले एन्झाइम बदललेले नाही. तरी एकूण आले ११.२ कोटी, म्हणजे ८७ टक्के घट. आणि सरासरी आली ४.७, म्हणजे ४४ टक्के घट.

आता उलट्या कलाचे एन्झाइम घ्या: दुहेरी पेशीत २, बाकीच्यांत १०. आधी एकूण ३६ कोटी, सरासरी ३.६. नंतर एकूण १७.६ कोटी, सरासरी ७.३. ग्रंथीतले एकूण एन्झाइम निम्मे झाले आणि सरासरी मात्र दुप्पट. हाच नमुना एकाने पूर्ण ग्रंथीमागे मोजला तर तो लिहील "घटले", दुसऱ्याने प्रथिनाच्या मिलिग्रॅममागे मोजला तर तो लिहील "वाढले", आणि दोघांचीही मोजणी बिनचूक असेल. दिवाळीच्या सुट्टीत प्रतापगंजमधली विद्यापीठाची वसतिगृहे रिकामी झाली की त्या भागातले सरासरी वय एकदम वाढते. तिथे राहणारे कुणी त्या आठवड्यात म्हातारे झालेले नसते.

म्हणून स्टेरॉइडच्या प्रयोगात वेळ निवडणे हा अर्धा प्रयोग आहे. पेशीतली अभिव्यक्ती बदलते का, हा प्रश्न असेल तर इंजेक्शननंतर २ ते ४ तासांनी नमुना घ्या. तेव्हा पेशी बदलायला लागलेल्या असतात, पण नाहीशा झालेल्या नसतात. कोण मेले आणि कोण उरले हे पाहायचे असेल तर २४ आणि ४८ तास. ग्रंथी पुन्हा भरून येताना काय होते ते पाहायचे असेल तर पुढचे एक ते दोन आठवडे. त्या काळात कच्च्या पेशी झपाट्याने विभागत असतात, त्यामुळे विभाजनाशी जोडलेली सगळीच एन्झाइमे चढलेली दिसतात, आणि त्याचे श्रेय औषधाला देता येत नाही.

सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची गोष्ट अगदी निराळी आहे. ही औषधे पेशीतल्या अनुक्रमे सायक्लोफिलिन आणि एफकेबीपी१२ या प्रथिनांना चिकटतात, आणि त्या जोडगोळ्या कॅल्सिन्युरिन या एन्झाइमवर बसतात. कॅल्सिन्युरिनचे काम एनएफएटी या प्रथिनावरचे फॉस्फेट काढणे. ते निघाले नाही तर एनएफएटी केंद्रकात जात नाही आणि टी पेशींना वाढायला लावणाऱ्या इंटरल्यूकिन-२ चे जनुक चालू होत नाही. सायक्लोफिलिन आणि एफकेबीपी१२ ही दोन्ही स्वतःसुद्धा एन्झाइमेच आहेत, प्रथिनांच्या घड्या फिरवणारी, आणि औषध त्यांचेही ते काम थांबवते. पण प्रतिकारशक्ती दबते ती त्यामुळे नव्हे, कॅल्सिन्युरिन अडल्यामुळे. इथे वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिन किती आहे ते पट्टीवरून पाहणारी चाचणी, केला तर कॅल्सिन्युरिनची पट्टी जशीच्या तशी दिसू शकते, आरएनएही तेवढाच. घटते ते काम. फक्त आरएनए मोजून "औषधाचा परिणाम नाही" असे लिहिणारा या औषधाचा मुख्य परिणामच हुकवतो.

शिवाय ग्रंथीचे रूपही उलट्या बाजूने बदलते. स्टेरॉइड कॉर्टेक्स रिकामा करते. सायक्लोस्पोरिनमध्ये दुहेरी पेशी बऱ्याच अंशी राहतात, पण त्यांची पुढची निवड अडते, पक्क्या पेशी कमी होतात आणि मेड्युला आक्रसतो. त्यामुळे पक्क्या पेशींचे एन्झाइम घटलेले आणि कॉर्टेक्सचे एन्झाइम टक्केवारीत वाढलेले दिसू शकते. स्टेरॉइडच्या बरोबर उलट चित्र, आणि त्यातही कदाचित कोणत्याच पेशीने काही बदललेले नसेल. रक्तातून मिळणाऱ्या लिम्फोसाइटवर काम करणाऱ्याला हा गुंता एवढा जाणवत नाही. थायमसमध्ये तो टाळताच येत नाही.

मायकोफेनोलेट हे असेच आणखी एक औषध आयएमपीडीएच हे, डीएनएचे घटक बनवायला लागणारे एन्झाइम अडवते. विभागणाऱ्या लिम्फोसाइटमध्ये त्याचा दुसरा प्रकार वाढतो आणि औषध त्यालाच जास्त जोराने अडवते. ही पकड सुटणारी आहे. पेशी चार वेळा धुतल्या किंवा अर्क खूप पातळ केला तर औषध निघून जाते आणि शरीरात अडलेले एन्झाइम क्युव्हेटमध्ये निरोगी दिसते. म्हणून धुणे कमीत कमी, आणि सर्व नमुन्यांत पातळपणा एकसारखा.

यापुढची अडचण औषधाची नाहीच, उंदराच्या भीतीची आहे. ताण आला की अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन सुटते आणि ते स्वतः थायमस आक्रसवते. याची किंमत माणसांनी मोजलेली आहे. जुन्या काळी शवविच्छेदन होई ते बहुधा दीर्घ आजाराने गेलेल्यांचे. त्यांचा आक्रसलेला थायमस हाच नेहमीचा समजला गेला, आणि अचानक दगावलेल्या निरोगी बाळांचा पूर्ण आकाराचा थायमस "वाढलेला" ठरला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यामुळे कितीतरी बाळांच्या थायमसवर क्ष-किरण सोडले गेले, आणि पुढे त्यांतल्या अनेकांना थायरॉइडचा कर्करोग झाला. तुलनेचा गट चुकीचा निवडला की काय होते याचे इतके दुःखद उदाहरण वैद्यकात क्वचितच सापडेल.

म्हणून नियंत्रण गटातल्या उंदरांनाही तितक्याच वेळा पकडा आणि औषध ज्या द्रवात मिसळले तोच द्रव तेवढ्याच मापाने टोचा. सायक्लोस्पोरिन पाण्यात विरघळत नाही, तेलात द्यावे लागते. तेव्हा नियंत्रण गटाला सलाइन देऊन चालत नाही, तेच तेल द्यावे लागते. उंदीर ६ ते ८ आठवड्यांचे, एकाच लिंगाचे. कॉर्टिकोस्टेरॉन दिवसभरात चढते-उतरते, म्हणून सर्व उंदीर एकाच वेळेला, शक्यतो सकाळी. वडोदऱ्यात आणखी एक गोष्ट वेळापत्रकात धरावी लागते: १३ जानेवारीला इंजेक्शन दिले तर ४८ तासांचा नमुना वासी उत्तरायणाला, म्हणजे १५ जानेवारीला, येतो, आणि उत्तरायणाचे दोन दिवस कॉलेज बंद, गच्च्यांवर दिवसभर आरडाओरडा आणि गाणी. त्या आवाजाचा ताण उंदरांनाही होतो. तारीख पुढे ढकलावी. प्राण्यांच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय तर यातले काहीच सुरू करता येत नाही.

मात्रेचे गणित असे. २० ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ५ मिलिग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. दुकानात मिळणारे डेक्सामेथासोन सोडियम फॉस्फेट मिलिलिटरमागे ४ मिलिग्रॅमचे असते, त्यातून ०.१ मिलिग्रॅम म्हणजे २५ मायक्रोलिटर, जे सिरिंजने नीट मोजता येत नाही. ०.५ मिलिलिटर औषधात ३.५ मिलिलिटर निर्जंतुक सलाइन मिसळा, मिलिलिटरमागे ०.५ मिलिग्रॅम होते आणि उंदराला ०.२ मिलिलिटर बसते. बाटलीवरचे वजन फॉस्फेटचे आहे की मूळ डेक्सामेथासोनचे, ते वाचून वहीत लिहा. दोघांत फरक पडतो, आणि दुसऱ्या कुणाच्या निष्कर्षांशी तुलना करताना तो डोकेदुखी ठरतो.

थायमस काढताना त्याला चिकटलेल्या छोट्या लिम्फ ग्रंथी चिमट्याने वेगळ्या करा. नियंत्रणातल्या मोठ्या थायमसवर त्या नजरेत भरत नाहीत आणि फारसे बिघडवतही नाहीत; पण औषधाने आक्रसलेल्या थायमसमध्ये त्या राहिल्या तर पक्क्या पेशींचा खोटा भरणा होतो. टिपकागदावर हलके टिपून वजन घ्या. मग बर्फावरच्या, २ टक्के सीरम घातलेल्या थंड बफरमध्ये, ७० मायक्रॉनच्या जाळीवर सिरिंजच्या दट्ट्याने हळू चोळा. ट्रिपॅन ब्लू घालून जिवंत पेशी मोजा. ही मोजणी हा सगळ्या प्रयोगाचा पाया आहे. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो. पेशींची नळी बर्फाशिवाय एका इमारतीतून दुसरीत नेली तर वाटेतच पेशी मरू लागतात आणि ते मरण औषधाच्या खात्यावर जमा होते.

त्यानंतर त्याच पेशींचे तीन वाटे करा. पहिला, १० लाख पेशींचा, फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे रंगवलेल्या पेशींची चमक एकेक करून मोजायला: सीडी४, सीडी८ आणि मेलेल्या पेशी ओळखणारा रंग. हा रंग गाळू नये, कारण मेलेली पेशी कोणतीही अँटिबॉडी शोषून घेते. टीडीटी केंद्रकात असल्याने पेशी आधी स्थिर करून आवरणाला छिद्रे पाडावी लागतात, म्हणून रंगही असाच निवडा जो स्थिरीकरणानंतर टिकतो. प्रोपिडियम आयोडाइड इथे चालत नाही, कारण छिद्रे पाडल्यावर ते सगळ्याच पेशींत शिरते. दुसरा वाटा आरएनएला, तिसरा प्रथिन आणि कामाच्या मापनाला.

आरएनएमध्ये नेहमीचा सापळा संदर्भ जनुकाचा, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बाकीची मोजतात त्याचा. जीएपीडीएच किंवा बीटा-ॲक्टिन "स्थिर" धरले जाते, पण मरणाऱ्या किंवा विभागणाऱ्या पेशींत तेही हलते. पीसीआरच्या मोजणीत एक सीटी, म्हणजे एका आवर्तनाचा फरक, हा दुप्पट-निमपट; संदर्भ जनुक एका सीटीने सरकले तर सगळा निष्कर्ष दुपटीने खोटा. निदान दोन संदर्भ जनुके घ्या आणि तुमच्या औषधाखाली ती स्थिर राहतात हे आधी दाखवा.

प्रथिनात प्रश्न वेगळा: एका लेनमध्ये २० मायक्रोग्रॅम प्रथिन घालायचे, की १० लाख पेशींचा अर्क? दुहेरी पेशी लहान असते, तिच्यात एकूण प्रथिनच कमी. त्यामुळे दोन्ही पद्धतींची उत्तरे जुळत नाहीत. दोन्ही मोजा. एकच परवडत असेल तर पेशींमागे मोजा. थायमसच्या प्रश्नाला ते जास्त प्रामाणिक उत्तर आहे.

कामाच्या मापनात बफर घात करतो. कॅल्सिन्युरिनचे काम सुटलेल्या फॉस्फेटवरून, मॅलाकाइट ग्रीनच्या हिरव्या रंगाने मोजले जाते. पेशी फॉस्फेट बफरमध्ये धुतलेल्या असतील तर एन्झाइम घालण्यापूर्वीच नळी हिरवी होते. शेवटचे धुणे ट्रिस बफरने करा. पीएनपीला तर फॉस्फेट हाच कच्चा माल लागतो, म्हणून तिथे ते सर्वत्र एकाच मापाचे हवे. एडीएसाठी ॲडेनोसिनचे इनोसिन होताना २६५ नॅनोमीटरवरचे शोषण उतरते ते पाहतात. क्युव्हेट क्वार्ट्झचीच लागते, साधी काच तो प्रकाश अडवते. अमोनिया मोजण्याची पद्धत वापरली तर पाणी आणि हवा दोन्ही सांभाळा. जवळ उघडी अमोनियाची बाटली असली तरी कोरा नमुना रंगतो. आणि ग्रंथीला रक्त लागलेले राहिले तर तांबड्या पेशींतले एडीएही मोजणीत येते.

हे तीन वाटे हाती आले की उत्तर दिसू लागते. दुहेरी पेशींची संख्या कोसळली, पण उरलेल्या दुहेरी पेशींत टीडीटीची चमक पूर्वीइतकीच, तर पेशी गेल्या. संख्या तीच, चमक उतरली, आरएनएही उतरला, तर अभिव्यक्ती घटली. आरएनए आणि प्रथिन जागेवर आणि काम तेवढे बंद, तर औषध एन्झाइमवर बसले आहे. शंका उरलीच तर सॉर्टरवर दुहेरी पेशी वेगळ्या काढून फक्त त्यांच्यात मोजावे. खर्चिक आहे, पण निर्णायक आहे.

मूत्रपिंड बदललेल्या किंवा आतड्याच्या दीर्घ दाहाने आजारी असलेल्या माणसाच्या घरी थायमस कुणी मोजत नाही, पण हाच प्रश्न तिथेही येतो. ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्यापूर्वी टीपीएमटी हे एन्झाइम तपासतात. ते कमी असेल तर औषधाचे विषारी घटक साठून मज्जा बसते. ही तपासणी तांबड्या पेशींत होते. रुग्णाला नुकतेच रक्त चढवलेले असेल तर रिपोर्टमध्ये रक्तदात्याचे एन्झाइम येते, रुग्णाचे नव्हे. दोन-तीन महिने थांबणे किंवा थेट जनुकाची तपासणी करणे हे दोन मार्ग. रक्त चढवल्याची तारीख डॉक्टरांना आपण होऊन सांगा, फाइलमध्ये असेलच असे धरू नका. आपल्या भागातल्या लोकांत टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५ या जनुकातले बदल जास्त आढळतात, म्हणून तेही तपासून घेण्याबद्दल विचारा. गाउटसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर तेही सांगा. दोन्ही एकत्र द्यायचीच झाली तर ॲझाथायोप्रिनची मात्रा नेहमीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर आणावी लागते. आणि रिपोर्ट चांगला आला तरी रक्ताची गणती चुकवू नका: पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे दोन महिने महिन्यातून दोनदा, मग दर महिन्याला.